शाळेची खबर घरापर्यंत

मूल शाळेंतून घरीं परतलें कीं आई विचारते, “आज शाळेंत काय झालें?” आणि मूल दप्तर कोपऱ्यांत टाकून उत्तर देतें, “कांहीं नाहीं.” हा संवाद मुंबईच्या दिवाणखान्यांत होतो, नागपूरच्या वाड्यांत होतो आणि पैनगंगेच्या कांठच्या झोपडींतही होतो. त्या ‘कांहीं नाहीं’च्या मागें पांच-सहा तासांचें एक अख्खें जग दडलेलें असतें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबास त्या जगाची बातमी मिळविण्याचीं साधनें पुष्कळ असतात. प्रगतिपुस्तक वाचतां येतें, वर्गशिक्षकांस चिठ्ठी लिहितां येते, सभेस जाऊन दोन प्रश्न विचारतां येतात. परंतु ज्या आईबापांस ती चिठ्ठीच वाचतां येत नाहीं, किंवा ज्यांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी आहे, त्यांच्यापर्यंत वर्गांतील हकीगत कोणी, कशी आणि केव्हां पोंचविली, हा प्रश्न शिक्षणाच्या इतिहासांत क्वचितच विचारला जातो. शाळा किती निघाल्या, पटावर मुलें किती, खर्च किती झाला, याचे आंकडे अहवालांत सांपडतात. घरीं काय कळलें, याचा रकाना त्यांत नसतो. यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्तानें हा रिकामा रकाना थोडासा भरून पाहणें उद्बोधक होईल.

यवतमाळ जिल्हा म्हणजे वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. पूर्वेकडे वर्धा नदी, दक्षिणेकडे पैनगंगा, सखल भागांतील काळ्या जमिनींत कापूस आणि ज्वारी, आणि डोंगराळ भागांत सागवानाचें रान. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें. पुढें या भागास वणी जिल्हा म्हणत असत. १९०५ सालीं वाशीम जिल्हा मोडला, त्यांतील पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. या एका जिल्ह्यांत मराठी बोलणारा कुणबी-माळी समाज आहे, पुसद-दिग्रसकडील बंजाऱ्यांचे तांडे आहेत, आणि केळापूर, मारेगांव, झरी या बाजूस कोलाम व गोंड यांचे पोड व पाडे आहेत. कोलामी व गोंडी या भाषा द्राविडी कुळांतल्या. मराठीशीं त्यांचा संबंध शेजाराचा, नात्याचा नव्हे. तेव्हां या जिल्ह्यांत शाळा आणि घर यांच्यामधील अंतर केवळ कोसांनीं मोजून भागत नाहीं.

इंग्रजी अमदानीपूर्वीं आणि नंतरही कित्येक वर्षें महाराष्ट्रांतील खेड्यांत शाळा म्हणजे पंतोजीची शाळा. तिला स्वतःची इमारत नसे. एखाद्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा चावडी हेंच तिचें घर. धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, मोडी वळणाचा कित्ता घोटावा आणि सर्वांनीं एका सुरांत उजळणी, पावकी, निमकी, पाउणकी म्हणावी, असा तिचा क्रम. पंतोजीला मिळे तो थोडा पैसा, थोडें धान्य आणि सणावारीं शिधा. आणि तो देणारा मुलाचा बापच असल्यामुळें हिशेब घेणाराही तोच असे. वर्गांत काय चाललें आहे हें कळण्यास त्याला कोणाच्या अहवालाची गरज नव्हती. बैल घेऊन ओसरीवरून जातांना पोरगा कोणत्या पाढ्याशीं अडखळतो, तें त्याच्या कानावर पडे. सावकाराचा कागद मुलाकडून वाचवून घेतला, व्याजाची बेरीज तोंडीं करून घेतली, म्हणजे परीक्षा झाली. या शाळेचे दोष कोणी लपवूं नयेत. शिक्षा क्रूर असत, अर्थ न कळतां पाठांतर चाले. आणि सर्वांत मोठा दोष हा कीं, त्या ओसरीवर चढण्याचा अधिकारच पुष्कळांना नव्हता. मुली, अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें, रानांतल्या पोडांवरचीं मुलें तिच्या बाहेरच राहिलीं. मात्र ज्यांना ती खुली होती त्यांना ती कानानें तपासतां येत होती, एवढी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८५४ सालीं चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता आला आणि त्यांतून सरकारी शिक्षणखात्यांचा जन्म झाला. वऱ्हाडांतही यथाकाल खातें उभें राहिलें आणि मराठी शाळा निघाल्या. शिक्षणाच्या प्रसाराच्या दृष्टीनें ही मोठी घटना होती यांत शंका नाहीं. छापील पुस्तकें आलीं, इयत्ता ठरल्या, मास्तराला नेमणूक व पगार मिळूं लागला आणि निदान नियमानें तरी शाळेचें दार सर्वांना उघडें झालें. परंतु त्याच वेळीं बातमीचा प्रवाह उलटा फिरला. पगार देणारा आतां मुलाचा बाप नव्हता, सरकार होतें. म्हणून हिशेबही सरकारास द्यावयाचा. हजेरीचा तक्ता तालुक्यास, तालुक्याचा जिल्ह्यास आणि जिल्ह्याचा वरच्या कचेरीस, अशी ती वाट होती. डेप्युटी इन्स्पेक्टर येई, मुलांकडून वाचवून घेई, गणित घाली, आणि आपला अभिप्राय शेरेबुकांत लिहून पुढच्या गांवीं जाई. तो शेरा वाचणार कोण? मास्तर आणि पुढचा इन्स्पेक्टर. ज्याच्या मुलाविषयीं तो लिहिलेला, तो बाप बाहेर झाडाखालीं उभा असला तरी त्याच्या कानापर्यंत तो पोंचत नसे.

या व्यवस्थेला त्या काळच्या एका इंग्रजी कल्पनेनें आणखी बळ दिलें. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या सुधारित नियमावलीनें ‘निकाल तसें अनुदान’ ही पद्धत सुरू केली. मुलगा वाचन, लेखन व गणित यांत उतरला तर शाळेला पैसे, नाहीं तर नाहीं. हिंदुस्थानांत १८८२ सालच्या हंटर आयोगानेंही अनुदान घेणाऱ्या प्राथमिक शाळांसाठीं हीच पद्धत पसंत केली. तिचा हेतु आळशी शाळांना जागें करण्याचा असेल. परिणाम असा झाला कीं, घरच्या दृष्टीनें जें मूल होतें तें खात्याच्या दृष्टीनें एका रकमेचें कारण झालें. मूल हुशार कीं मंद, कशांत रमतें, कशाला भितें, वर्गांत कोणाशेजारीं बसतें, या साऱ्यांचें सार एकाच शब्दांत घरीं पोंचे : पास किंवा नापास. पुढें ती अनुदानपद्धति गेली, पण तो शब्द मात्र शंभर वर्षें घराघरांत ठाण मांडून बसला.

आईबापांची आणि शाळेची समोरासमोर गांठ पडे ती एकदांच, नांव घालण्याच्या दिवशीं. वऱ्हाडांतील शाळांत ‘दाखल-खारीज’ या नांवाचें एक रजिस्टर असतें. मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, जन्मतारीख, दाखल कधीं झाला आणि खारीज कधीं झाला, अशी त्यांत नोंद असते. बाप सांगे, “पोळ्याच्या आगेमागे झाला, त्या सालीं पाणी लई पडलें.” मास्तर बोटांवर मोजून एक तारीख लिही. महाराष्ट्रांतील हजारों वृद्धांचा वाढदिवस जून-जुलैच्या पहिल्या तारखेसच येतो, याचें रहस्य या मोजणींत आहे. खालीं बाप अंगठा उठवी आणि घरीं जाई. आपण काय लिहून दिलें, हें त्याला वाचतां येत नसे. १९०१ च्या शिरगणतींत साऱ्या हिंदुस्थानांत शंभरांत जेमतेम पांच-सहा माणसें साक्षर भरलीं आणि शंभर बायकांत एकही भरली नाहीं. तेव्हां यांत नवल तें काय? परंतु मौज अशी कीं, त्या अंगठ्यावरची ओळ पुढें पिढ्यान्‌पिढ्या त्या घराचें भवितव्य ठरवीत राहिली. नोकरीचें वय, निवृत्तीचा दिवस, जातीचा दाखला, या सर्वांसाठीं आजही विदर्भांतील माणसें आजोबांच्या शाळेंत जाऊन तें जुनें रजिस्टर उघडावयास लावतात. घरानें शाळेला दिलेली एक ओळ शंभर वर्षें जपली गेली. शाळेनें घराला दिलेली ओळ मात्र शोधूनही सांपडत नाहीं.

हें अंतर ज्यांनीं सर्वांत आधीं ओळखलें त्यांत जोतीराव फुले यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. हंटर आयोगापुढें १८८२ सालीं दिलेल्या निवेदनांत त्यांनीं बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनांत शिक्षक कसा असावा याविषयीं जें आहे त्याकडे मात्र कमी लक्ष जातें. शिक्षक शक्य तर शेतकरीवर्गांतला असावा, प्रसंगीं नांगराचें रुमणें किंवा सुताराची वांकस हातीं धरण्यास त्यानें लाजूं नये, खालच्या थरांतील लोकांत त्यानें मोकळेपणानें मिसळावें, म्हणजे त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला कळतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आईबापांना शाळेची बातमी देण्यापूर्वीं शिक्षकाला त्या घराची बातमी असली पाहिजे, हें तत्त्व त्यांत आलें. मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतकीचें व आरोग्याचें ज्ञान अभ्यासक्रमांत असावें, ही त्यांची सूचनाही त्याच जातीची होती. जें बापाला समजतें तें शाळेंत असेल, तर शाळेंत काय चाललें आहे हेंही त्याला समजेल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं सक्तीच्या शिक्षणाचा विचार जोर धरूं लागला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ सालीं अमरेलीच्या भागांत प्रयोग करून १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत आपलें विधेयक मांडलें; १९१२ च्या मार्चांत तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं पाऊल टाकलें, मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं कायदा झाला आणि मध्यप्रांतांत १९२० सालीं. हे सर्व प्रयत्न वंदनीय आहेत. परंतु आईबापांशीं बोलण्याची त्यांची भाषा मुख्यतः समजपत्राची आणि दंडाची होती. मूल शाळेंत नसेल तर घरीं सूचना जाई. मूल शाळेंत असेल, नीट शिकत असेल, तर कांहींच जात नसे.

कापसाच्या जिल्ह्यांत या गोष्टीचा अर्थ फार स्पष्ट होतो. दिवाळीच्या सुमारास बोंडें फुटतात. पहिल्या वेचाआधीं शेतांत सीतादही होतें, आणि मग दोन-तीन महिने घरांतील प्रत्येक हात, मग तो कितीही लहान असो, वेचणीला लागतो. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला धुऱ्यावर सांभाळते म्हणून आई वेचूं शकते. शाळेच्या हजेरीपत्रकांत नेमके तेच महिने शून्यांनीं भरलेले. त्या वेळीं जो कागद किंवा जो निरोप शाळेकडून येई, तो अपराधाचा असे. बापाच्या मनांत शाळा आणि तलाठी, शाळा आणि जंगलखात्याचा शिपाई, यांचें चित्र एकाच रंगाचें उमटलें, याचा दोष त्याच्या अडाणीपणाकडे देऊन चालणार नाहीं. ज्या घराला केवळ तक्रार ऐकण्यासाठीं बोलावलें जातें, तें घर पुढें बोलावणेंच टाळूं लागतें; हा अनुभव शहरांतील सुशिक्षित पालकांनाही अगदींच अपरिचित नसेल.

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वर्धा नदी ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो. तेथें १९३७ च्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिच्या ठरावांस योजनेचें रूप दिलें. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम आणि हस्तोद्योगाचा गाभा, अशी ती योजना. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडांत रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. गांवकऱ्यांनीं दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गांवची शाळा चालावी, हें तिचें सूत्र होतें. या दोन्ही योजनांत शाळा आणि गांव यांमधील भिंत पाडण्याची आकांक्षा होती. कापसाच्या मुलखांत मुलाच्या हातीं टकळी आली म्हणजे वर्गांतील काम आईबापांस डोळ्यांनीं दिसेल, मोजतां येईल, अशी अपेक्षा वाटणें साहजिक होतें.

प्रत्यक्षांत मात्र ठिकठिकाणीं उलट आक्षेप ऐकूं आला. सूत कातणें आणि माती खणणें आमच्या घरीं होतेंच. पोराला शाळेंत घालतों तें चार अक्षरांसाठीं, अशी आईबापांची तक्रार मूलोद्योग शिक्षणाच्या इतिहासांत पुनःपुन्हा भेटते. ती तक्रार खोटी नव्हती. टकळीवरच्या तारा मोजतांना गणित कसें शिकलें जातें, कापसाच्या पिकावरून भूगोल कसा सांगितला जातो, हें शिक्षकानें बापाला समजावून दिलें नाहीं, तर बापास फक्त टकळीच दिसणार. सेवाग्रामच्या कार्यकर्त्यांना ही उणीव लवकर उमगली. १९४५ च्या परिषदेनंतर ‘नई तालीम’ची व्याप्ति बालपणाच्या आधींपर्यंत आणि प्रौढांपर्यंत वाढविली गेली, आणि शांताबाई नारूळकर यांनीं पूर्वबुनियादी शिक्षणाचें जें काम सेवाग्रामास केलें त्यांत बालकाइतकेंच महत्त्व त्याच्या आईबापांच्या शिक्षणास होतें. परंतु योजना गांवोगांवच्या शाळांत पोंचली तेव्हां टकळी पोंचली, आणि हा विचार वाटेंतच राहिला.

वऱ्हाडशीं कांहीं काळ संबंध आलेल्या आणखी एका बाईंनीं हा प्रश्न वेगळ्या बाजूनें सोडवून पाहिला. ताराबाई मोडक लग्नानंतर कांहीं वर्षें अमरावतीस राहत होत्या. पुढें त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. गिजुभाईंचा कटाक्ष असा होता कीं, मुलांसाठीं जितकें लिहावें तितकेंच आईबापांसाठींही लिहावें. ताराबाईंनीं मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून तेंच कार्य महाराष्ट्रांत चालविलें आणि सुशिक्षित घरांत बालशिक्षणाची वार्ता नेली. परंतु १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें काम सुरू केल्यावर, वाचूं न शकणाऱ्या आईबापांची गांठ पडली. तेथें पत्रिका काय उपयोगाची? मुलें बालवाडीपर्यंत येत नाहींत, तर बालवाडी त्यांच्या अंगणांत न्यावी, असें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं ठरविलें, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठींत जन्मला. पुढें गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कोसबाडच्या परिसरांत कुरणशाळाही निघाली. अंगणांत भरणाऱ्या वर्गाची बातमी घरीं निराळी कळवावी लागत नाहीं. चुलीपुढें बसलेल्या आईला ती ऐकूं येते. १९७५ सालीं केंद्र सरकारनें बालविकासाची देशव्यापी योजना आंखली तेव्हां तिनें हेंच नांव उचललें.

स्वातंत्र्यानंतर विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा अस्तित्वांत येऊन खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. सत्ता नागपूर-मुंबईहून यवतमाळास आली, शाळा वाड्या-वस्त्यांवर पोंचल्या, आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत जिल्ह्यांत दर पांच माणसांतील चारांहून अधिक साक्षर झालीं. हें यश लहान नव्हे. पण कागदाची वाट बदलली नाहीं. तक्ते अधिक झाले, ते वरच जात राहिले. आणि जिल्ह्याच्या एका भागांत तर नवीनच पेंच उभा राहिला. पांढरकवडा व पुसद या आदिवासी प्रकल्पांच्या हद्दींत आश्रमशाळा निघाल्या. मूल तेथेंच राहतें, जेवतें, शिकतें. दूरच्या पोडांवरील मुलांना शाळा मिळण्याचा तोच एक मार्ग होता, हें खरें. परंतु सहा-सात वर्षांचें मूल घरापासून दूर राहिलें, त्याला शाळेंत ज्या भाषेंत बोलतात ती नीट समजत नाहीं, आणि आईला त्या भाषेंत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, अशा वेळीं ‘आज शाळेंत काय झालें’ हा प्रश्नही संध्याकाळीं विचारतां येत नाहीं. आई बाजाराच्या दिवशीं येते, मुलाच्या अंगावरून हात फिरवते, बारीक झाला कीं भरला तें पाहते, आणि त्यावरून जें ओळखावयाचें तें ओळखते. महिन्याची हकीगत तिला हातानें वाचावी लागते.

आईबापांना वर्गाची माहिती देणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे, असें भारताच्या कायद्यांत स्पष्टपणें येण्यास २००९ साल उजाडलें. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या २४ व्या कलमांत म्हटलें आहे कीं, शिक्षकानें आईबापांच्या व पालकांच्या नियमित सभा घ्याव्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगति व इतर संबंधित माहिती त्यांना सांगावी. २१ व्या कलमानें शाळा व्यवस्थापन समिति नेमली; तिच्यांत निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. ज्या कायद्याच्या पूर्वजांनीं बापाला दंड केला, त्याच्या वंशजानें त्याला समितींत बसविलें. शंभर वर्षांतील हें परिवर्तन थोडें नाहीं.

तरीही कायद्याचें कलम आणि आईचें समाधान यांच्यामध्यें बरीच वाट उरते. त्याच कायद्यानें आठवीपर्यंत नापास करणें बंद केलें आणि २०१० पासून महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलें. मुलाच्या निरीक्षणाच्या बारीक नोंदी, श्रेण्या, वर्णनात्मक शेरे, असें तें मूल्यमापन शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनें पूर्वींच्या परीक्षेहून श्रेष्ठ होतें. परंतु आईबापांना शंभर वर्षांत जो एकच शब्द पाठ झाला होता, तो काढून घेतला गेला आणि त्याच्या जागीं आलेली ‘अ-२’ किंवा ‘ब-१’ ही अक्षरें त्यांना कोणी फोडून सांगितलीं नाहींत. “पोरगा पास झाला कीं नाहीं तें सांगा, गुरुजी,” हा प्रश्न ऐकून हसणें सोपें आहे. त्यामागील व्याकुळता ओळखणें अवघड आहे. २०२३ सालीं महाराष्ट्रानें पांचवी व आठवीसाठीं वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा केली, तेव्हां पुष्कळ घरांत त्याचें स्वागत झालें तें बहुधा याच कारणानें.

समित्या नेमून काम भागतें काय, याचीही परीक्षा झालेली आहे. उत्तर प्रदेशांतील जौनपूर जिल्ह्यांत २००५-०६ च्या सुमारास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्यानें २८० गांवांत एक अभ्यास केला. गांवच्या शिक्षणसमितीचें अस्तित्वच शंभरांतील ब्याण्णव पालकांना ठाऊक नव्हतें. इतकेंच नव्हे, तर समितीवरील सामान्य सभासदांपैकीं जवळजवळ चौथा हिस्सा लोकांना आपण सभासद आहोंत हेंच ठाऊक नव्हतें. मग कांहीं गांवांत सभा घेऊन माहिती दिली, कांहीं गांवांत गांवकऱ्यांकडूनच मुलांची वाचनपरीक्षा घेवविली. माहितीनें शाळेच्या कारभारांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. परंतु ज्या गांवांत स्थानिक तरुणांना वाचनाचे वर्ग कसे घ्यावे हें शिकविलें, तेथील वर्गांस येणारीं मुलें वाचूं लागलीं. यांतून निघणारा बोध असा कीं, नुसती वार्ता पुरत नाहीं. वार्ता ऐकून करतां येईल असें कांहीं काम त्या हातांना द्यावें लागतें.

वाचतां न येणाऱ्या आईला मुलाच्या वाचनाची पारख करतां येईल काय? येते, असें त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका प्रयोगानें दाखविलें. २००५ पासून ‘असर’ या नांवाची जी पाहणी देशभर होते, तिच्यांत स्वयंसेवक शाळेंत न जातां घरीं जातात. एका कागदावर मुळाक्षरें, शब्द, पहिलीचा एक उतारा आणि दुसरीची एक गोष्ट असते. मूल घराच्या ओट्यावर बसून मोठ्यानें वाचतें. आई निरक्षर असली तरी मूल कोठें अडखळलें, कोठें घोटाळलें आणि कोठें सरळ धांवलें, तें तिच्या कानाला कळतें. शेजारपाजार गोळा होतो, आजोबा काठी टेकून ऐकतात. येथें पंतोजीच्या ओसरीची आठवण होते. जो कान शतकापूर्वीं शाळेच्या चार भिंतींनीं बंद केला, तोच पुन्हा उघडला. मात्र या खेपेस ओटा कुणब्याचा आहे तसाच कोलामाचाही आहे, आणि वाचणारी मुलगीही आहे.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या साथीनें शाळा बंद झाल्या, तेव्हां हीच गोष्ट सक्तीनें शिकावी लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असें सरकारनें म्हटलें आणि धडे भ्रमणध्वनीवरून घरांत आले. ज्यांच्याकडे तें यंत्र नव्हतें, किंवा एकच होतें व तें बापाबरोबर शेतावर जाई, त्यांच्या वाट्याला तें शिक्षण आलें नाहीं. पण कित्येक गांवांत शिक्षकांनीं पारावर, देवळांत, ओट्यावर चार-पांच मुलें जमवून शिकविलें, आणि आईबापांनीं प्रथमच वर्ग कसा चालतो तें जवळून पाहिलें. २०२२ सालीं राज्यांत ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. पहिलींत येणारें मूल आईचा हात धरून एका टेबलाकडून दुसऱ्याकडे गेलें. मण्यांची ओळ लावली, चित्राची गोष्ट सांगितली, वस्तू मोजल्या, आणि शिक्षकानें आईच्या देखत तिच्या हातीं कार्ड दिलें. वस्तीवरच्या मातांचे गट झाले व घरच्या घरीं काय करावें तें त्यांना सांगितलें गेलें. नांव घालण्याच्या दिवशीं अंगठा उठवून परतणाऱ्या बापाच्या जागीं, मुलाशेजारीं बसलेली आई आली. दोन चित्रांमधील हा फरक म्हणजेच या सव्वाशें-दीडशें वर्षांची कमाई होय.

ही कमाई सर्वत्र सारखी झाली आहे, असें मात्र नाहीं. आश्रमशाळेंतल्या मुलाची आई अजून बाजाराच्या दिवसाची वाट पाहते. वेचणीच्या महिन्यांत बोलावलेल्या सभेस रिकाम्या सतरंज्या दिसतात, आणि पालक उदासीन आहेत असा शेरा लिहिला जातो. सभा सायंकाळीं, शेतावरून परतल्यावर घेतली असती तर तो शेरा लिहावा लागला असता काय, हा विचार क्वचित् होतो. शहरांतील घरांतही प्रगतिपुस्तकावर सही करून तें दप्तरांत परत सरकविण्याची रीत आहेच. वाचतां येणें आणि वाचणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुशिक्षित पालकाला जी अक्षरें अनायासें मिळालीं आहेत त्यांचा उपयोग तो करीत नसेल, तर पोडावरच्या त्या आईपेक्षां तो अधिक माहीतगार ठरत नाहीं. ती निदान मुलाच्या अंगावरून हात तरी फिरवते.

इतिहासानें दिलेला धडा साधा आहे. वरच्या कचेरीला पाठविलेल्या तक्त्यानें शाळा चालूं शकते. मूल शिकतें तें घराच्या साक्षीनें. ही साक्ष मिळवावयाची तर बातमी घराच्या भाषेंत, घराच्या वेळेला आणि तक्रारीच्या आधीं कांहीं चांगलें सांगून गेली पाहिजे. मग संध्याकाळीं आईनें “आज शाळेंत काय झालें?” असें विचारलें आणि मुलानें “कांहीं नाहीं” म्हटलें, तरी आईला ठाऊक असेल कीं आज नवा पाढा झाला आहे. ती म्हणेल, “बरें, मग म्हणून तर दाखव.” आणि ओट्यावर बसून ऐकूं लागेल.